दाढ काढा म्हणाले होते, ती अजून तोंडात आहे

मी ध्वनिपुस्तकं वाचते. रोज चार-पाच तास माइकसमोर बसायचं, त्यामुळे माझे दात चावण्याइतकेच बोलण्यासाठीही आहेत. त, थ, द, ध म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना मागून टेकतं. व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला लागतो. शाळेत दंत्य आणि दंत्योष्ठ्य वर्ण म्हणून हे पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो आईमुळे. पन्नाशीत तिचे दात एकेक करून काढले गेले, कवळी आली आणि तिचा स शिटीसारखा वाजायला लागला. अनोळखी माणसांसमोर ती तोंड उघडेनाशी झाली. तिचे किती दात खरंच काढण्यासारखे होते, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

म्हणून खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ दाखवायला गेले तेव्हा दोन मिनिटांत ‘काढून टाका, नंतर इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवू’ असं ऐकल्यावर मी खुर्चीतून उठले आणि दुसरा दवाखाना गाठला. हा अभिप्राय त्या दुसऱ्या दवाखान्याबद्दल, तिथे गेल्या चौदा महिन्यांत झालेल्या कामाबद्दल आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी काहीच केलं नाही, फक्त तपासलं. तासभर! आधी माझी हकीकत पूर्ण ऐकून घेतली. चार महिन्यांपूर्वी गार पाणी लागलं की कळ यायची आणि पाणी गिळून झाल्यावरही मिनिटभर राहायची. मग रात्री आपोआप ठणका सुरू झाला. एके दिवशी सगळं थांबलं. मला वाटलं, बरं झालं. डॉक्टर म्हणाल्या, ‘तेव्हा दातातली नस मेली.’ बर्फासारखा गार केलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या दातांना लावला, तिथे झटकन कळलं. या दाढेला काहीच जाणवलं नाही. हिरडीवर एक छोटी पुळी होती, तिच्या तोंडातून त्यांनी रबरासारखी एक बारीक काडी आत सरकवली आणि तशीच ठेवून एक्स-रे काढला. फोटोत ती काडी वळत वळत दाढेच्या मागच्या मुळाच्या टोकाशी गेलेली दिसली, आणि तिथे हाडात मसुराएवढी काळी सावली होती. पू कुठून येतोय याचा याहून सरळ पुरावा मी पाहिलेला नाही.

मग दाढेभोवती सहा ठिकाणी मोजपट्टीसारखी सळई हिरडीत सरकवून त्यांनी खोली मोजली आणि सहायकाला आकडे सांगितले: दोन, तीन, तीन, दोन, तीन, तीन. सगळीकडे तीन मिलिमीटरच्या आत. एकाच जागी सळई एकदम खोल गेली असती तर मूळ उभं तडकल्याची शंका होती, आणि तडकलेलं मूळ सहसा वाचवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. शिवाय हिरडीच्या वर भक्कम दात सगळ्या बाजूंनी निदान दोन मिलिमीटर शिल्लक हवा, नाहीतर कॅपला पकड मिळत नाही. तो होता. ‘दाढ वाचण्यासारखी आहे,’ त्या म्हणाल्या. हे वाक्य मला दोन मिनिटांत नाही, एवढ्या तपासणीनंतर मिळालं, आणि माझ्या लेखी या सेवेची सगळ्यांत मोठी किंमत इथेच आहे.

काढली तर काय होईल, हेही त्यांनी न घाबरवता सांगितलं. मोकळ्या जागेतलं हाड झिजत जातं, मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ खाली उतरू लागते. इम्प्लांट हा चांगला पर्याय आहे, पण तो हाडाला थेट जखडलेला असतो. आपल्या दाताच्या मुळाभोवती मात्र जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तो दाताला झुलवत धरतो आणि दाताखाली केस आला तरी कळवतो. एकदा दात काढला की तो पडदा गेला.

रूट कॅनल, म्हणजे मुळांमधल्या बारीक नळ्या साफ करून भरण्याचं काम, दोन बैठकांत झालं. भूल दिल्यावर दाढेला चिमट्यासारखी कडी लावून भोवती पातळ रबराची चादर ताणली. या चादरीला रबर डॅम म्हणतात, आणि ती १८६४ सालापासून, सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्यामुळे वापरात आहे. मला पहिली पाच मिनिटं घुसमटल्यासारखं झालं. मी हात वर केला, त्या थांबल्या, नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावला, मग जमलं. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी हे आधीच सांगून ठेवावं. पण चादर नको असं म्हणू नका. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत, आणि धुण्याचं औषध किंवा एखादी बारीक सुई घशात पडू नये, म्हणून ती असते. हे औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वास थेट पोहण्याच्या तलावासारखा. नळ्यांमधला मेलेला गाळ ते विरघळवतं. डॉक्टरांच्या शब्दांत सांगायचं तर सुया फक्त वाट रुंद करतात, साफसफाई करतं ते हे पाणी.

खालच्या या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात. चष्म्यावरच्या भिंगांतून त्या बराच वेळ तळाशी बघत राहिल्या आणि मागच्या मुळात चौथी नळी सापडली. सुईला जोडलेलं एक यंत्र टोक जवळ आलं की पिक्-पिक् वाजतं, प्रत्येक नळीची लांबी त्याने मोजली आणि फोटोने पडताळली. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. दोन आठवड्यांनी गेले तेव्हा पुळी बसलेली होती. मग नळ्या गटापर्चाने भरल्या. झाडाच्या चिकापासून बनणारा हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर पाणी आत शिरू नये म्हणून चढवत असत. दाढेतही त्याचं काम तेच आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. ज्या वस्तूने समुद्र अडवला ती लाळ अडवेलच.

दुखलं का? हा प्रश्न मला सगळेच विचारतात. खुर्चीत अजिबात नाही. घरी मात्र तीन दिवस चावताना ठसठसलं, आणि हे होणार असं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी तक्रार यापेक्षा मोठी आहे. खालच्या जबड्याची भूल नसेच्या मुळाशी देतात, त्यामुळे अर्धा ओठ तीन तास बधिर राहतो. प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण, एकही धड निघेना. त्या संध्याकाळी माझं ध्वनिमुद्रण होतं, ते रद्द करावं लागलं. माझा व्यवसाय त्यांच्या कागदावर लिहिलेला असताना हे सुचवायला हवं होतं. मी तसं बोलले. पुढच्या प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःहून विचारलं, ‘आज वाचन आहे का?’

कॅपबद्दल थोडक्यात. रूट कॅनल झालेली दाढ आधीच किडून पोखरलेली असते, वरून आणखी छिद्र पाडलेलं असतं. चावण्याच्या जोराने तिचे उंचवटे फुटू शकतात, म्हणून तिला वरून झाकायचं. मी झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या कडक सिरॅमिकची, घेतली. पहिल्यांदा बसवली तेव्हा किंचित उंच राहिली होती. निळा कागद चाववून तपासलं, तरी घरी गेल्यावर दोन दिवस तोंड मिटलं की आधी तीच लागायची. फोन केला, दुसऱ्या दिवशी बोलावून दोन ठिकाणी घासून दिली. वेगळे पैसे घेतले नाहीत. उंच कॅप ‘सवय होईल’ म्हणून अंगावर काढू नका, तो दात दुखायला लागतो.

आता ज्या कामाचं मला रूट कॅनलपेक्षाही कौतुक आहे, ते. डाव्या बाजूला वरच्या एका उपदाढेत खोल कीड निघाली. इथे गार बोळा लावल्यावर कळ आली आणि काढताच दोन-तीन सेकंदांत गेली. म्हणजे नस जिवंत, चिडलेली पण सावरू शकणारी. कडेकडेची कीड डॉक्टरांनी कडक दात लागेपर्यंत काढली, पण नसेच्या अगदी जवळचा मऊ थर मुद्दाम तसाच ठेवला आणि वरून घट्ट बंद केला. मी चक्रावले. कीड आत ठेवायची? त्यांनी आरशात दाखवत समजावलं, की तो थर खरवडला तर नस उघडी पडेल. वरचं झाकण पक्कं असेल तर आतल्या जंतूंना बाहेरून खाणं मिळत नाही आणि कीड थांबते. नसेला आतून नवा थर घालायला सवड मिळते. पूर्वी खरवडून सगळंच काढायचा आग्रह असे, आता खोल किडीत असं आवरतं घेणं मान्य झालेलं आहे. सरळ रूट कॅनल सुचवलं असतं तर मी मुकाट हो म्हटलं असतं, आणि त्यांचं बिलही मोठं झालं असतं. त्यांनी दोन्ही शक्यता सांगितल्या: हे न टिकल्यास पुढे रूट कॅनल लागेल. वर्ष होत आलं, लागलेलं नाही.

समोरच्या दाताचा कोपरा कित्येक वर्षांपासून तुटका होता. तिथे कॅप घालायची तर चांगला दात चारही बाजूंनी तासावा लागला असता. त्याऐवजी दाताच्याच रंगाचं कंपोझिट, म्हणजे प्रकाशाने कडक होणारं मिश्रण, चिकटवलं. आधी आम्लाची निळी जेल काही सेकंद लावून धुतली, तेवढ्यात दाताचा तो भाग दुधी, खरखरीत झाला. या खरखरीतपणात चिकट द्रव शिरून बसतो. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी ही युक्ती मांडली आणि दात न तासता जोडणं शक्य झालं. मग थरावर थर, प्रत्येक थराला निळा प्रकाश. शेवटी झिलई देण्याआधी डॉक्टर म्हणाल्या, ‘वाचा काहीतरी.’ दुसऱ्या दिवशी मुद्रित करायचं पान माझ्या पिशवीत होतं. खुर्चीत बसूनच दीड परिच्छेद वाचला. त आणि द स्वच्छ आले, पण ‘वावटळ’ म्हणताना खालच्या ओठाला कड टोचली. त्यांनी दोनदा हलकेच घासलं, पुन्हा वाचायला सांगितलं, आणि व जागेवर आला. आईच्या कवळीच्या वेळी तिला कुणी एक ओळ वाचायला सांगितली असती तर, हा विचार त्या क्षणी आला आणि मला थोडा वेळ बोलता आलं नाही. त्यांनी घाई केली नाही.

दात साफ करून घेण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘साफ केले की दात हलायला लागतात’ असं आई आयुष्यभर म्हणायची, आणि तिने ते कधी केलं नाही. दात हलतात ते हिरडीखाली साचलेल्या कीटणामुळे हाड झिजतं म्हणून. कीटण निघालं की इतकी वर्षं त्याने लपवलेलं हलणं समोर येतं, आणि सूज उतरल्यावर फटी दिसतात. माझ्या मागच्या दाढांशी दोन ठिकाणी पाच मिलिमीटर खोली भरली होती. भूल देऊन हिरडीखालून मुळं साफ केली, दातांमधल्या फटींचा छोटा ब्रश कसा फिरवायचा ते माझ्या हातून करवून घेतलं. दोनेक आठवडे गार लागलं की दात शिणशिणायचे. तीन महिन्यांनी त्याच दोन जागी तीन मिलिमीटर. ब्रश करताना रक्त येणं थांबलं.

उणीव म्हणाल तर वेळ. ठरलेल्या वेळेपेक्षा मला दोनदा चाळीस मिनिटं थांबावं लागलं. ज्या दवाखान्यात पेशंटला तास दिला जातो तिथे हे होणार हे समजतं, तरी एक निरोप पाठवता येतो. उपचारांचा लेखी तपशील आणि एक्स-रेच्या प्रतीही मागितल्यावरच मिळाल्या. तुम्ही पहिल्याच दिवशी मागा, ते कागद तुमचे आहेत.

गेल्या आठवड्यात रूट कॅनलला वर्ष झालं म्हणून फोटो काढला. जुना आणि नवा शेजारी ठेवून डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले. मसुराएवढी सावली आता टाचणीच्या डोक्याएवढी उरली आहे, भोवती हाडाची जाळी भरत आली आहे. त्या म्हणाल्या, उरलेलं भरायलाही वेळ लागू शकतो, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. त्याच फोटोत वरच्या दोन दाढांच्या मध्ये दाताच्या टणक आवरणात एक फिकट डाग दिसला. खड्डा पडलेला नाही, म्हणून त्याला यंत्र लावलं नाही. फ्लोराइडचा लेप दिला, रात्री ब्रश केल्यावर चूळ न भरता फक्त थुंकायला सांगितलं, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली. या वेळी सकाळची, कारण संध्याकाळी मी वाचत असते.