‘सोलापूरचा सर्व्हर’ घेताना झालेली माझी फसवणूक

सोलापुरात आमचे चादरी आणि टॉवेलांचे दुकान आहे आणि दुकानाची वेबसाइट नऊ वर्षे डॉट कॉमवर सुरळीत चालू होती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वेबसाइटची कामे करणारा एक तरुण आला आणि म्हणाला, “काका, तुमचे डॉट कॉम अमेरिकेचे, सर्व्हरही, म्हणजे साइट ठेवलेला संगणकही, तिकडचा. सोलापुरात चादर शोधणाऱ्याला गूगल तुमचे दुकान दाखवील तरी कसे? डॉट इन घ्या, सर्व्हर सोलापूरचा घ्या, महिन्याभरात पहिल्या नंबरवर याल.” तीन वर्षांचे म्हणून त्याने ३८,५०० रुपये घेतले.

त्याचे बोलणे निखालस खोटे असते, तर मी सावध झालो असतो. डोमेन म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता; डॉट इन हे भारताचे डोमेन आहे आणि ते पाहून गूगल ती साइट भारतातील ग्राहकांसाठी आहे असे धरते, हे खरेच आहे. परंतु ही खूण देशापुरती आहे. तिच्यावरून सोलापूर, पुणे किंवा नागपूर असा भेद होत नाही, आणि डॉट कॉम कोणत्याही एका देशाचे मानले जात नाही. सर्व्हर कोठे आहे याकडे गूगल एक दुय्यम खूण म्हणून पाहते, कारण असंख्य साइट परदेशी सर्व्हरवरून चालतात. नकाशासह येणाऱ्या स्थानिक निकालांत तर शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, ते शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे आणि त्याची प्रसिद्धी किती, हे तीन निकष गूगलने स्वतःच सांगितले आहेत. तेथे वरचा क्रमांक पैसे देऊन मिळत नाही, हेही गूगल स्पष्टपणे सांगते.

महिन्याभराने तो पुन्हा आला, आमच्याच काउंटरला टेकून त्याने मोबाइलवर ‘चादरीचे दुकान’ असे शोधले आणि पहिल्या ओळीतले आमचे नाव मला दाखवले. मी समाधानाने चहा मागवला. दुकानात उभे राहून शोधले तर अंतरच शून्य असते, मग आपले दुकान वर येण्यात नवल कसले, हे मला तेव्हा सुचले नाही. गूगलमध्ये ‘सोलापूर जिल्हा’ असे लक्ष्य निवडल्याचेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातील ती सोय फक्त देश निवडण्यापुरती होती आणि तीही २०२२ मध्येच बंद झालेली होती.

खरी हानी मात्र पुढे झाली. आता डॉट कॉमचे नूतनीकरण नको, असे त्याने सांगितले आणि मी ते केले नाही. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पोहोचवणारे रीडायरेक्टही त्याने लावले नव्हते. हुबळी आणि हैदराबादच्या जुन्या व्यापाऱ्यांचे फोन येऊ लागले की साइट उघडत नाही. इतक्या वर्षांत इतरांनी आमच्या साइटला दिलेल्या लिंक, ज्यांच्या जोरावर आम्ही शोधात दिसत होतो, त्या सर्व निकामी झाल्या.

शेवटी पुण्याहून आलेल्या पुतणीने तपासणी केली. सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, जर्मनीतील एका डेटा सेंटरचा निघाला. डॉट इनच्या नोंदणीत मालक म्हणून माझ्या दुकानाऐवजी त्या तरुणाच्या फर्मचे नाव होते, आणि या डोमेनचा वर्षाचा खर्च हजार रुपयांच्या आत असतो, हेही तिच्याकडूनच कळले. गूगलच्या नकाशावर आमच्या दुकानाची खूण दोन गल्ल्या पलीकडे लागलेली होती आणि प्रकार ‘गोदाम’ असा लिहिलेला होता. त्या दोन चुका तिने तेथेच बसून फुकट दुरुस्त केल्या. ज्या कामासाठी मी पैसे मोजले, ते हेच होते.

डॉट कॉम मात्र वाचले. मुदत संपलेले डोमेन कायमचे सुटण्यापूर्वी जादा शुल्क भरून परत घेण्यासाठी ३० दिवसांचा काळ मिळतो, आणि त्यातले सहा दिवस उरले होते.

कोणी असा प्रस्ताव घेऊन आले, तर डोमेन आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर आणि आपल्याच पासवर्डने नोंदवावे, आणि पैसे देण्यापूर्वी नोंदणीतील मालकाचे नाव स्वतः पाहावे. क्रमांक पाहायचा असेल, तर दुकानापासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाला शोधायला सांगावे. मी सर्व पावत्या जोडून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आहे. डॉट इन अजून त्या फर्मच्याच नावावर असून ते सोडण्यासाठी मला आणखी पंधरा हजार मागितले जात आहेत, आणि तो पत्ता छापलेल्या पाच हजार पिशव्या गोदामात पडून आहेत.