कोकणातल्या घरात लॅमिनेट की एसपीसी?

जुनी लादी न उखडता तिच्यावरच लाकडासारखी दिसणारी जमीन हवी आणि ती घरच्या घरी बसवायची, असं मनात असेल तर दुकानदार दोन नमुने पुढे करतो: लॅमिनेट आणि एसपीसी. दोन्हींना खिळा नको, गोंद नको. पट्ट्या एकमेकींत अडकवून नुसत्या अंथरायच्या. वरून फरक ओळखू येत नाही. तो आतल्या गाभ्यात आहे, आणि कोकणात निवड त्यावरच करावी लागते.

लॅमिनेटचा गाभा म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला एचडीएफ बोर्ड. सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. एसपीसी चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचं; त्याला ना पाण्याची भीती, ना वाळवीची. जांभ्याच्या जुन्या घरांत वाळवी हा काही लहान मुद्दा नाही.

तरी लॅमिनेट बाद करू नका. पायाला ते ऊबदार लागतं. पायाबरोबर आत येणारी पुळणीतली वाळू त्याचा एसी४ दर्जाचा (एसी म्हणजे घासण्याला किती टिकतं त्याची प्रत) वरचा थर बऱ्यापैकी सोसतो. एसपीसीवर चरे लवकर पडतात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर कडक ऊन येत असेल तर एसपीसी तापून पसरतं, हेही ध्यानात घ्या.

माझ्या मते खरा प्रश्न एकच: पावसाळ्यात घर नांदतं असतं की बंद? चाकरमान्यांचं घर जूनपासून थेट गणपतीपर्यंत कुलूपबंद राहतं. आत हवा खेळत नाही, कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. अशा घरात लॅमिनेट मी तरी घालणार नाही. बारमाही राहतं घर, माडीवरची खोली, वर पंखा फिरतोय, तिथे खुशाल घाला. मात्र रोज ओल्या फडक्याने लादी पुसायची सवय सोडावी लागेल. फडकं घट्ट पिळूनच. पडवी आणि न्हाणीघर यांत लॅमिनेट नकोच.

खरेदीआधी ओल तपासा. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक लादीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा, शक्यतो पावसाळ्यातच. खाली दव धरलं तर ओल वर येते आहे. मग एसपीसी टिकेल, पण त्याच्याखाली कुबट वास साचेल. आधी ओलीचं मूळ शोधा.

बसवायला एसपीसी सोपं. कटरने चरा पाडायचा, गुडघ्यावर दाबून मोडायचं. लॅमिनेटला जिगसॉ किंवा बारीक दातांची करवत हवी, आणि भुसा घरभर उडतो. पण एसपीसीचे खाचे पातळ असतात. जमीन २ मीटरमागे ३ मिमीहून जास्त वरखाली असेल तर ते तुटतात. लॅमिनेटखाली आधी प्लास्टिक, मग २-३ मिमीचा फोम. एसपीसीला तो बहुधा मागे चिकटवलेलाच येतो.

लॅमिनेटची खोकी निदान ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवा. भिंतीलगत १० मिमी फट सोडाच. उन्हाळ्यात बसवलंत तर जास्तच जपा, कारण सुकलेली पट्टी आषाढात फुगते आणि जागा मिळाली नाही की मधोमध उचलते. त्यावर जड कपाट बोल्ट मारून पक्कं करू नका. आणि दार? ८ मिमीची पट्टी नि फोम एकावर एक ठेवून ते उघडून बघा. अडलं तर सुताराकडून तळ तासून घ्या, मगच पहिली ओळ टाका.