गुजरीतल्या प्रिंटरवर उमराणीची फौज

कोल्हापूरच्या गुजरीत सराफांच्या दुकानांवरच्या माळ्यावर एक पोरगा रेझिनचा (उजेडानं घट्ट होणाऱ्या पातळ प्लॅस्टिकचा) थ्रीडी प्रिंटर चालवतो. दुकानाला पाटी नाही. गिऱ्हाईक सगळं सोनारांचं: अंगठ्या, पदकं कॉम्प्युटरवर काढायची, रेझिनमध्ये छापायची आणि ओतकामाला पाठवायची. मी टेबलावर जुन्या लढायांचा खेळ मांडतो, त्यातल्या २८ मिमी उंचीच्या सैनिकांसाठी त्याच्याकडून मराठा घोडेस्वारांची डोकी आणि हात छापून घेतो.

मी स्वतः उद्यमनगरात फौंड्रीचे पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, बनवतो, त्यामुळं माझी नजर जरा खडूस आहे, हे आधीच सांगतो.

माझं काम चाललंय उमराणीच्या लढाईचं, १६७३ सालच्या. प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाचं पाणी तोडलं आणि खान शरण आला. टेबलावर मांडायला झकास, कारण सगळा डाव पाण्याभोवती फिरतो. नेसरी आपल्याच जिल्ह्यातली, पण सात स्वारांचा खेळ होत नाही, चार फासे टाकले की संपला. अडचण अशी की बाजारात मला मिळाले ते मराठे पेशवाईतले, सव्वाशे वर्षं पुढचे. म्हणून तुर्की घोडेस्वारांचे परदेशी प्लॅस्टिकचे डबे घ्यायचे, मुंडकी आणि उजवे हात उडवायचे आणि आपले बसवायचे.

पहिली डोकी पोरानं आणली ती तुरेदार कोल्हापुरी फेट्याची! लग्नाच्या वरातीत शोभली असती. मग मी त्याला चित्रकार मीर मुहम्मदानं मनुची या इटालियन प्रवाशासाठी काढलेलं शिवरायांचं घोड्यावरचं चित्र मोबाईलवर दाखवलं, त्यातल्या शिपायांची डोक्याला घट्ट बसणारी पागोटी दाखवली. म्हणाला, ‘‘काका, हे सोपं हाय की, उद्या बघा.’’ आणि खरंच दुसऱ्या दिवशी तयार. पागोट्याचे पीळ सुटे दिसतात, रंगाचं पातळ पाणी सोडलं की खाचेत आपोआप बसतं. थर ०.०३ मिमीचा ठेवतो, गालावर पायऱ्या दिसत नाहीत. एका डोक्याला बारा रुपये म्हणजे फुकटच.

दांडपट्ट्याच्या पात्याचा हिशेब त्याला मी समजावला. खरं पातं तीन मिलिमीटर जाड धरलं तर या मापात ते ०.०५ मिमी होतं, म्हणजे छापायलाच नको. आम्ही अर्धा मिलिमीटर ठेवलं. मापाला खोटं, पण हातभर अंतरावरून दांडपट्टाच दिसतो, मुठीवरचं लोखंडी आवरणसुद्धा. त्याला एकच सांगून ठेवा: सोनारांचं ओतकामात जळून जाणारं रेझिन नको, ते ठिसूळ असतं. साधं रेझिन आणि त्यात थोडं लवचिक मिसळायला लावा.

भाले मात्र त्याच्याकडून घेऊ नका. केळीच्या पानासारखे वाकतात. त्याच गल्लीत पितळी तार मिळते, तिचं टोक हातोडीनं चेपलं आणि कानशीनं घासलं की फाळ तयार. कितीही खेळा, मोडत नाही.

घोड्यांच्या बाबतीत माझी सरळ नाराजी आहे. भीमथडी तट्टं हवी होती, डब्यातले घोडे फार थोराड. त्यानं रेझिन वाचवायला पोकळ छापली आणि पोटाला भोक ठेवलं नाही. आत ओलं रेझिन तसंच राहिलं, काही दिवसांनी दोन तट्टांची पोटं तडकली आणि चिकट रस शेल्फवर उतरला. दागिन्यांत पोकळ मोठं काम कमी येत असावं म्हणून सुचलं नसेल, पण पैसे घेताना सांगायला हवं होतं. बदलून दिली, वाद घातला नाही. पाठीखालच्या सपोर्टचे (छापताना लावलेल्या टेकूंचे) डाग मात्र दुसऱ्या खेपेलाही राहिलेच, ते मी पॉलिश पेपरनं काढले. ओलसर तुकडे उघड्या हातानं धरू नका, खाज सुटते.

जोडायला फेविक्विक, प्लॅस्टिक मॉडेलांचा ‘सिमेंट’ नावाचा गोंद रेझिनला धरत नाही. प्रायमर गाडीचा राखाडी स्प्रे, पण पावसाळ्यात कोल्हापुरात तो मारायच्या भानगडीत पडू नका, पृष्ठभाग खरखरीत होतो. रंगवताना बारगीर एका धाटणीचे ठेवले, कारण घोडा-हत्यार सरकारी. शिलेदार स्वतःच्या घोड्याचा, म्हणून मात्र एकेक वेगळा: कुणाचा अंगरखा हळदी, कुणाचा मळका पांढरा, घोड्यांचे रंगही मिसळ. डोळे काढायला बापट कॅम्पातल्या मूर्तिकारांकडं वापरतात तसला आखणीचा ब्रश घेतलाय, त्याचं टोक विलायती ब्रशांपेक्षा जास्त टिकतं.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, सोनारांची कामं तुंबलेली असतात आणि तुमची डोकी महिनाभर रांगेत पडतात. फाईल आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. किमान पन्नास तुकडे असतील तर तो खूश असतो, दरही दीड-दोन रुपये सोडतो. बहलोलखानाची माणसं मी त्याच्याकडंच छापणार आहे. घोडे मात्र प्लॅस्टिकचेच, माना जरा कापून खाली आणून.