एकच गजर, तरी पुरते: कॅसिओ एफ-९१डब्ल्यू घड्याळ, वावरात वापरून

काळा पट्टा, चौकोनी काच, तीन बटणं, वजन २१ ग्रॅम. कंपनी १९८९ पासून हेच घड्याळ बनवून राहिली आणि रूप पाहिलं की ते पटतेही. आमचा पोट्टा याला "आबाचं घड्याळ" म्हणते. मी बाराशेच्या आत घेतलं. पाचपैकी चार तारे देते, पण ते कशासाठी हे समजायला आधी माझी गोळी समजली पाहिजे.

मला थायरॉईडची गोळी आहे. ती उपाशीपोटी घ्यायची, नुसत्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी आणि रोज एकाच सुमारास. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असली तर तिच्यात अन् हिच्यात चार तास अंतर. डॉक्टर हे दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात. आता कास्तकाराच्या घरात पहाटेचा चहा काही एकट्या बाईच्या हातात नसते. गॅस पेटला की पहिलं चहाचं आंधण, आणि सासूबाईनं कप पुढं केला की "थांबा, अजून तास आहे" म्हणायची सोय नाही.

फोनमध्ये गजर असते, मान्य. पण आमच्याकडे फोन घरात राहात नाही. वावरातली लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला पाणी चालू असलं की हे रात्री बारा-एकला उठून जातात. मोटरीला ऑटो बसवला आहे, लाईन आली की मोटर आपोआप चालू होते, पण तुषारचे पाईप बदलायला माणूस लागतेच. फोन त्यांच्या खिशात. माझा गजर मग हरभऱ्यात वाजते.

वेळेचं नियोजन शिकवणारे लोक सांगतात की दिवसाचे रकाने आखा, पहाटे पाच ते सहा हे, सहा ते सात ते. ज्याचा दिवस त्याच्या हातात आहे त्यानं खुशाल आखावे. आमचे रकाने दव आखते, लाईन आखते, नळ आखते. दव उतरल्याशिवाय कापूस वेचता येत नाही, ओला कापूस कोण घेईल? नळ कधी सातला येते, कधी साडेआठला. अशा दिवसात दहा वेळा ठरवून दहाही हुकवण्यापेक्षा एक वेळ पक्की धरावी आणि बाकीची कामं तिच्या मागंपुढं सरकू द्यावी, असं माझं मत झालं आहे. या घड्याळात गजर एकच लागते, दुसरा लावायची सोयच नाही. बाजारात याला उणीव म्हणतात. माझ्या तर कामाचं झालं.

गजर पाचला, गोळीचा. दुसरी सोय अशी की दर तासाला ते एकदा टी-टीट करते. पाचला गोळी, आणि सहाची टीटी वाजली की चहा. हे सासूबाईला असं पटलं की आता त्याच ओरडतात, "वाजलं वं तुयं, मांड आंधण!" गोळीचं वेळापत्रक मी कोणाला समजावून सांगितलं नाही, घड्याळानं सांगितलं.

वेचणीत तर ही टीटी फारच उपयोगाची. वेचणी किलोवर असते, म्हणून कोणी मान वर करत नाही. कमरेला ओटी बांधून बाया वाकल्या की दुपारपर्यंत घोटभर पाणीही कोणी पीत नाही. आता आमच्या ओळीत टीटी झाली की सगळ्या उभ्या राहातात, कंबर सरळ करतात, पाणी पितात. मिनिटभराचं काम. एक म्हणाली, "बाई, तुया हातात मुकादम बसला आहे काय?" पण उठते तीही.

चालण्यासाठी स्टॉपवॉच आहे. ते एका तासाच्या आतलंच मोजते, ५९ मिनिटं ५९ सेकंद झाले की पुन्हा शून्यापासून. अर्ध्या तासाच्या चालण्याला पुष्कळ झालं. पाटाच्या पुलापर्यंत पंधरा मिनिटं, तिथून परत. खेड्यात बाईनं हातात बादली नाही, डोक्यावर भारा नाही, अशी रिकामी चालणं म्हणजे गावाला प्रश्न. "कुठी चालली वं?" "भांडण झालं काय?" गाडीवाले थांबून "बसा ना वहिनी" म्हणतात. मग मी मनगट दाखवते, "डॉक्टरानं वेळ लावून दिली." आकडे पळताना दिसले की लोक गप होतात. नुसतं "फिरायला चालली" यावर विश्वास बसत नाही त्यांचा.

डिसेंबरात पावणेसातपर्यंत दिवस उगवत नाही आणि अंधारात रानडुकरांची भीती, म्हणून त्या दिवसांत मी चालत नाही. तसंही जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मेहनत सांगते, त्यात कामाची मेहनतही धरते, आणि २०२० च्या सूचनांत सलग दहा मिनिटांची अटही राहिली नाही. वेचणीतच ते कधीचे भरतात. चालायचं ते फेब्रुवारीनंतर, वावर रिकामं झालं आणि आपण गाडीवरून उतरेनासे झालो की. एप्रिल-मेमध्ये सहाच्या चहाआधीच घरी परत, नंतरचं ऊन चालायचं नसते.

कमी काय आहे? उजेड. बटण दाबलं की एका बाजूनं हिरवट लाईट लागते, आकडे अर्धे दिसतात, अर्धे अंदाजानं वाचायचे. गजर वीस सेकंदच वाजते आणि आवाज बारीक. कूलरच्या घरघरीत ऐकू येत नाही, मी उशाखाली ठेवते. तासाची टीटी फक्त रात्रीपुरती बंद होत नाही. रात्रपाळीच्या दिवसांत झोप आधीच तुकड्यातुकड्यानं मिळते, म्हणून तेव्हा मी ती बंदच ठेवते. गजराच्या पानावर उजवं बटण दाबत गेलं की गजर आणि टीटी वेगवेगळे चालू-बंद करता येतात. ज्यांना दिवसातून दोनदा-तीनदा औषध आहे त्यांनी हे घेऊ नये. आणि पावलं, नाडी मोजायची हौस असली तर पट्टेवाले फिटनेस बँड मिळतात. ते चार्ज करत बसावे लागतात. याचा सेल सात वर्षांच्या घरात चालते असं कंपनी सांगते.

पाऊस, हात धुणं, भांडे घासणं यानं काही होत नाही. पोहायला नेऊ नका.

आठवडी बाजारात दीडशे-दोनशेला हुबेहूब असंच मिळते, ते नक्कल. ओळखायचं असं: उजवं बटण तीनेक सेकंद दाबून धरा, पडद्यावर इंग्रजीत कॅसिओ उमटलं पाहिजे. दुकानदार समोर असतानाच दाबून पाहा. वेळ महिन्याला फार तर तीस सेकंद मागंपुढं होते. फेब्रुवारी ते नेहमी २८ दिवसांचाच धरते, म्हणून २०२८ मध्ये तारीख हातानं दुरुस्त करावी लागेल. तोवर सेल बदलायचं काम पडत नाही असं दिसते.