कॉलर माइक, साडेसात महिन्यांनंतर: दोन तारे, तेही क्लिप सोडून

रेंज, बॅटरी, नॉइज कॅन्सलेशन यांवर सगळ्यांनी लिहून झालंय. मी क्लिपबद्दल बोलणार आहे.

परवा १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, गावच्या वाचनालयात दहा मिनिटं बोलायचं होतं. सभागृहाचा माइक होताच. माझा फक्त फोनवर रेकॉर्डिंगसाठी लावलेला. भाषणात १५१० साली पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क मांडवी नदीत शिरला न शिरला तोच क्लिपचा जबडा तुटला आणि माइक सदऱ्यावरून घरंगळत पोटावर आला. पहिली रांग हसली. उरलेलं भाषण मी तो तपकिरीसारखा चिमटीत धरून केलं.

कंपनीचं म्हणणं, क्लिप वॉरंटीत नाही. सुटी मिळत नाही. ४९९ रुपयांचा संच घ्या, त्यात फरची टोपडी, पाउच आणि (कुठेतरी तळाशी) क्लिप. २,८९९ च्या वस्तूला दोन रुपयांचं प्लॅस्टिक! तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगळ्या मुलीने तेच वाक्य वाचून दाखवलं. सध्या मुलीची केसांची टिकटिक क्लिप लावतोय. गुलाबी आहे, पण धरते.

हा घेतला कारण भाषणकलेच्या क्लासवाल्याने १२ हजार सांगितले. मला वाटायचं आपला आवाजच बारीक, म्हणून घाबरतो. सकाळी कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींना भाषण द्यायचं आणि घरी येऊन ऐकायचं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी ऐकलं आणि बंदच केलं. हा कोण नाकातून बोलतोय? बोलताना आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो, म्हणून स्वतःला भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो खर्ज नसतो. लोक आयुष्यभर हाच ऐकत आलेत म्हणायचं.

आवाजाचं दुःख आठवड्यात ओसरलं. खरा घोटाळा बायकोने पकडला. स्वयंपाकघरातून ओरडली, "पुरो रे बाबा ते म्हणजे-म्हणजे!" मोजले. सहा मिनिटांत ३१. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबच्या सभेत वक्त्याचे असले 'अं' आणि 'म्हणजे' टिपायला एक माणूसच नेमलेला असतो, त्याला आ-काउंटर म्हणतात. माझ्याकडे बायको आहे, फुकट.

उपाय एकच लागू पडला: 'म्हणजे' ओठांवर आला की तोंड मिटायचं. ती दोन सेकंदं आपल्याला युगासारखी वाटतात, रेकॉर्डिंगमध्ये कळतही नाहीत. सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक पाठ, मध्ये कार्डावर चार शब्द. बाकी घोकंपट्टी सोडली. एक शब्द विसरला की पुढची सगळी माळ ओघळायची.

जुलैत माइकची चार्जिंगची डबी चार्ज होईना. आपल्याकडच्या पावसात पिनांवर काळपट थर धरला होता. खोडरबराने हलक्या हाताने पुसलं, चालू. सर्व्हिस सेंटरने मात्र 'पाठवून द्या' म्हटलं होतं, कुरिअर माझ्या खर्चाने.

इथवर परवा रात्री रागात लिहिलं होतं. काल मुक्तिदिनाचं रेकॉर्डिंग ऐकलं. क्लिप तुटेपर्यंत 'म्हणजे' नऊ. तुटल्यावर, बोटांत माइक धरून, हशा ओसरेपर्यंत गप्प राहून जे बोललो त्यात दोन. बायकोकडून पुन्हा मोजून घेतले. दोनच.

तिसरा तारा द्यायला हरकत नव्हती. पण ४९९ म्हणजे ४९९. (हा 'म्हणजे' धरून तीन.)