१९७३ च्या लेबलवर न शोभणारं नाव

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमची ब्रिटनमधली १९७३ ची फर्स्ट प्रेस, म्हणजे अगदी पहिल्या छपाईची रेकॉर्ड, म्हणून मी साडेबावीस हजार रुपये मोजले आणि घरी आली ती नकली रेकॉर्ड. जुन्या एलपी जमवणारे आपण बरेच जण हल्ली नुसते फोटो बघून पैसे पाठवतो, म्हणून हे लिहितोय.

विकणारा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटला. बोलणं अगदी अदबीचं. “सर, ज्यांची होती ते काका गेले, मुलं परदेशात, घर रिकामं करतायत. अजून दोघांनी विचारलंय.” फोटोंत सगळं जिथल्या तिथे होतं: हार्वेस्ट या रेकॉर्ड कंपनीचं लेबल, एसएचव्हीएल ८०४ हा क्रमांक, दोन पोस्टर, दोन स्टिकर आणि लेबलवर गडद निळा भरीव त्रिकोण. नंतरच्या प्रेसिंगवर त्या त्रिकोणाची नुसती रेघ राहिली, त्यामुळे संग्राहक आधी तोच बघतात. मीही तोच बघितला आणि यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवून दिली.

पार्सल आलं. कव्हर खरंच जुनं होतं, कडा झिजलेल्या, आतल्या तबकडीचा गोल वळ पुठ्ठ्यावर उमटलेला. सुई ठेवली. अल्बमच्या सुरुवातीचे हृदयाचे ठोके सुरू झाले, मागे जराही खरखर नाही. पन्नास वर्षांची रेकॉर्ड इतकी जपलेली मिळाली याचा मला फार आनंद झाला होता.

पहिल्या बाजूच्या शेवटी ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ येतं. शब्दच नसलेलं ते गाणं क्लेअर टॉरीने जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी अॅबी रोड स्टुडिओत गायलं आणि त्याचे तिला ३० पौंड मिळाले. मी तो आवाज कॉलेजपासून ऐकत आलोय. ती वर चढते तिथे गळ्यातला ताण जाणवला पाहिजे. इथे ती जागा चपटी, निर्जीव लागली. तबकडी झिजलेली असती तर आतल्या खाचांत आवाज फाटला असता, सोबत खरखरही आली असती. तसलं काहीच नव्हतं.

टेबललॅम्पखाली लेबल वाचलं. गाण्यापुढे कंसात दोन नावं: राइट, टॉरी.

या गाण्याच्या रचनेचं श्रेय तीस वर्षं बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्या एकट्याच्या नावावर होतं. टॉरी २००४ मध्ये कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर तिचं नाव सहरचनाकार म्हणून येऊ लागलं. म्हणजे माझ्या हातातलं लेबल २००५ नंतरचं कशावरून तरी उतरवलेलं होतं. तिला इतक्या उशिरा मिळालेल्या हक्कानेच ही लबाडी पकडून दिली, हे माझ्या मनातून जात नाही.

फोन केला. “नाव पहिल्यापासून आहे सर, कव्हर उघडून बघा.” आहे, पण तिथे ते गायिका म्हणून. एवढं सांगितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. मग ते फोटो इंटरनेटवर शोधले, तर दुसऱ्याच कुणाच्या जुन्या जाहिरातीतले निघाले.

तेव्हा फोटोवर भागवू नका. आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी तबकडीशेजारी ठेवून, उजेड तिरपा पाडून व्हिडिओ मागा. शेवटची खाच आणि लेबल यांमधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे जवळून दाखवायला सांगा. प्रत्येक बाजूची शेवटची दोन मिनिटं वाजवून घ्या. टाळाटाळ झाली तर रेकॉर्ड सोडून द्या, कितीही जीव अडकला तरी. आणि फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी तक्रार करा. मी तीन दिवस त्या माणसाच्या उत्तराची वाट बघत बसलो, तोवर पैसे खात्यातून पुढे निघून गेले होते.

कव्हर आणि पोस्टर ठेवलीत. तबकडीच्या दोन्ही लेबलांवर पक्क्या शाईने ‘नकली’ लिहिलंय, माझ्यामागे ती कुणी १९७३ ची म्हणून विकू नये.