फाल्गुन-चैत्रातलं कोकण: गाडीतून की पाखाडीवरून?

पुण्याच्या मामेबहिणीचा फोन आला. मार्चमध्ये रत्नागिरीत यायचंय, एकच दिवस हातात आहे, तर तो रेल्वेत घालवू की पायी हिंडू? शिमगा जवळ आला की हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. कोकण रेल्वे समुद्राच्या काठाकाठाने जात नाही. रत्नागिरीत येईपर्यंत खिडकीतून लाटा दिसतील अशी आशा धरून बसाल तर हिरमोड होईल. गाडी किनारा आणि सह्याद्री यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातून धावते. म्हणून तर रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरांत नव्वदच्या वर बोगदे खणावे लागले आणि सगळा मार्ग खुला व्हायला १९९८ साल उजाडलं. गाडीतून खऱ्या दिसतात त्या नद्या. वीरजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. रत्नागिरी सोडून निवसरकडे निघालात की पानवलचा पूल येतो, दरीपासून ६४ मीटर उंच. त्या वेळी दाराशी मुळीच उभं राहू नका, खिडकीतूनच खाली बघा. झाडांचे नुसते शेंडे दिसतात, बुंधे दिसतच नाहीत.

वसंताची एक गोष्ट मात्र गाडीच चांगली दाखवते. पांगारा आणि काटेसावर या दिवसांत पानं गाळून बसलेले असतात, अंगावर फक्त लाल फुलं. खाली उभं राहिलं तर ते एक झाड असतं. गाडीतून अख्खा उतार दिसतो आणि सुकलेल्या गवतात इथे एक, तिथे एक असे लाल ठिपके पेटलेले दिसतात. त्यातच कोशिंबाची तांबडी पालवी.

डबा कोणता, याने बराच फरक पडतो. जनशताब्दीला २०१७ पासून व्हिस्टाडोम डबा आहे, मोठाल्या काचा, काचेचं छत, फिरत्या खुर्च्या. ज्येष्ठांना घेऊन निघाला असाल तर तोच घ्या, पैसे वसूल होतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच आठवड्यात काढून ठेवा. पण काच बंद असते. आंब्याचा मोहोर, करवंदीची फुलं यांचा वास त्या डब्यात येत नाही. तो हवा असेल तर पॅसेंजर किंवा स्लीपरची उघडी खिडकी हवी. मांडवी एक्स्प्रेस मला यासाठीच आवडते. दिवसाउजेडी धावते आणि खाणंही चांगलं मिळतं.

आता पायी चालण्याबद्दल, आणि इथे माझा कल लपवत नाही. कोकणातला वसंत बारीक असतो, जवळ गेल्याशिवाय कळत नाही. कोणत्याही वाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, धरा. जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळाने निसरड्या, आता कोरड्या ठणठणीत. बाजूला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आणि त्यावर ओणवी करवंद, पांढऱ्या फुलांनी भरलेली. काजूच्या झाडाखाली बोंडं पडलेली असतात, एखादं फुटून त्याला मुंग्या लागलेल्या, आणि त्या आंबूस-गोड वासाने अख्खी पाखाडी भरलेली. शेतात कवळं, म्हणजे तोडलेल्या फांद्या-पाल्याचे भारे, पसरून भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्याची, तयारी चाललेली. शिमग्याची पालखी वाटेत भेटली तर चपला काढून बाजूला उभं राहायचं, हे वेगळं सांगायला नको.

खाली सिंधुदुर्गात जाणार असाल तर सुरंगीसाठी जा. आरवली, आसोलीच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये ती फुलते. फुलं फांद्यांनाच चिकटून येतात, नीट बघावं तर लाकूडच फुललंय असं वाटतं. कळ्या पहाटे, उमलायच्या आत काढतात, त्यामुळे तिथे सकाळी लवकर पोचायला हवं. एक वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, घेऊन ठेवला तर सुकल्यावरही घमघमतो.

पायी चालण्याची अडचण एकच, ऊन. सकाळी साडेसहाला निघा. गेल्या वर्षी घरच्यांना घेऊन सड्यावर पोचायला आम्हाला अकरा वाजले आणि सासऱ्यांना चक्कर आली. कातळ वरून तापतो आणि खालूनही भाजतो, सावलीला झाड नसतं. तेव्हापासून साडेनऊला सडा सोडायचा म्हणजे सोडायचा. बंद बूट घाला, कुसळं मोज्यांत घुसतात. आणि वाडीत विचारल्याशिवाय रानात शिरू नका, गव्याचा वावर कुठे आहे हे तिथल्या माणसांनाच ठाऊक असतं.

तर निवड अशी. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल किंवा कोकण पहिल्यांदाच बघत असाल, तर रेल्वे. पूर्वी गाडीने येऊन गेला असाल तर पायीच चाला, दुसरा विचार करू नका. शिमग्याच्या चार-पाच दिवसांत मात्र निव्वळ हौसेसाठी गाडीत चढू नका, तेव्हा त्या जागा गावी निघालेल्या चाकरमान्यांना हव्या असतात.

बहिणीला मी तिसराच बेत दिला. रत्नागिरीहून पहाटेची, ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनकडे जाणारी पॅसेंजर धरायची, करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे जाऊन उक्षीला उतरायचं. उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. कोकणातली जी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत उक्षीही आहे. सकाळचं ऊन तिरपं असतं, त्यामुळे कोरलेल्या रेषांत सावली भरते आणि सोंड, पाय, पाठ स्पष्ट उठून येतात. सूर्य डोक्यावर आला की तीच रेघ शोधावी लागते. गावात विचारत विचारत चढायचं, बघून झालं की वाडीत उतरून सावलीत बसायचं आणि दुपारी सावंतवाडीकडे जाणाऱ्या पॅसेंजरने परत यायचं. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्टेशनवर खात्री करून घ्या. वीरच्या खाली मार्ग एकेरी आहे, पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते आणि तास-दीड तास सहज जातो. पाण्याची दुसरी बाटली त्या वेळेसाठी असते, सकाळी चढतानाच संपवू नका.